भिंतीवरची तांबडी रेघ

त्या वेळी मी सोलापुरात रस्ते-गटारांचे नकाशे काढणाऱ्या एका कचेरीत कामाला होतो. वय तेवीस-चोवीस, लग्न नुकतंच झालेलं. साहेबांनी टेबलावर काढलेली रेघ जमिनीवर तशीच्या तशी उतरवायची, एवढंच आपलं काम अशी माझी समजूत होती.

गावात मोटारी वाढत होत्या. बाजाराकडे जाणारा पेठेतला रस्ता रुंद करायचं ठरलं, आणि नकाशावरची रेघ एका जुन्या दगडी इमारतीच्या पोटातून गेली. इमारत तेलुगू विणकरांची. पुढं कमानींचा ओटा, आत एकच लांबलचक दालन आणि जमिनीत खड्डे करून बसवलेले आठ हातमाग. मी त्या रस्त्यानं रोज जायचो, पण आत कधी डोकावलो नव्हतो.

जिथपर्यंत पाडायचं तिथं भिंतीवर तांबडी रेघ मारायची होती. मी मारली. दुसऱ्या दिवशी बघतो तर तिच्यावर चुना फासलेला. पुन्हा मारली, पुन्हा चुना. मग मी एकदा सकाळीच गेलो. पन्नाशीची एक बाई हातात कुंचा घेऊन भिंतीपुढं उभी होती. नवरा गेल्यापासून तिथला सगळा कारभार तीच बघत होती.

"बाई, हे कचेरीचं काम आहे. तुम्ही रेघ पुसू नका," मी म्हणालो.

"तुमचं काम रेघ मारायचं. मारा की," ती म्हणाली. "भिंत आमची हाय. चुना आम्ही लावणार."

"तुम्हाला गावाबाहेर जागा मिळणार आहे. नवी शेड, वर पत्रे."

तिनं कुंचा बादलीत टाकला. "आत या जरा."

उन्हाळ्याचे दिवस होते. बाहेर सकाळीच अंग भाजत होतं, आणि आत पाऊल टाकलं तर विहिरीत उतरल्यासारखा गारवा. तिनं कोपऱ्यातल्या लडीतून सुताचा धागा काढून माझ्या हातात दिला. "ओढा." मी ओढला. धागा ताणला, पण तुटला नाही. मग ओट्यावर उन्हात टाकलेली तसलीच एक लडी तिनं आणली. तिचा धागा नुसता बोटाला गुंडाळला तर तटकन तुटला.

"सूत तेच हाय," ती म्हणाली. "हितं भिंती जाड, म्हणून ओल राहती. पत्र्याखाली हातभर विणलं की तुटणार. मग लुगडं कधी पुरं व्हायचं? शेडमध्ये तुम्ही बसून दाखवा."

मी बाहेर आलो आणि पहिल्यांदा रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला नीट पाहिलं. तिथं एका व्यापाऱ्याचं पत्र्याचं गोदाम होतं, हल्लीच उभारलेलं, निम्मं रिकामं. कचेरीतून बरोबर आणलेल्या माणसाला मोजणीची साखळी धरायला लावली आणि मोजलं. रेघ त्या बाजूला सरकवली तर रस्ता तेवढाच रुंद होत होता. हा नकाशा मीच स्वच्छ उतरवून दिला होता आणि माझ्या हे लक्षातही आलं नव्हतं. त्याची मला लाज वाटली.

मी मोजमाप लिहून साहेबांपुढं ठेवलं. त्यांनी कागद वाचला आणि बाजूला सारला.

"तुम्हाला मत कोणी विचारलं?"

"मत नाही साहेब, मोजमाप आहे. कोणीही साखळी घेऊन मोजून बघावं."

"उद्या डांबरानं रेघ मारा. डांबरावर चुना धरत नाही."

"मी मारणार नाही," मी म्हणालो. बाहेर येऊन त्या कागदाची दुसरी प्रत मी स्वतःच्या हातानं रस्त्याला मंजुरी देणाऱ्या कमिटीच्या सभासदांना नेऊन दिली. घरी बायकोला सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "आता मागं फिरू नका म्हणजे झालं."

पंधरा दिवसांनी कमिटी जागा पाहायला आली. आठही माग चालू होते. कोणी उठलं नाही, कोणी हात जोडले नाहीत. खटखटीत अध्यक्षांना ओरडून बोलावं लागलं. त्यांनी रस्ता कसा लोकांच्याच सोयीचा आहे ते समजावलं. बाईनं सगळं ऐकून घेतलं.

"त्या रस्त्यानं लोक कुठं जाणार?" तिनं विचारलं.

"बाजारात."

"बाजारात काय घेणार? लुगडंच की. ते कुठं तयार होतंय ते बघून घ्या, मग पाडा."

त्यानंतर सभासद स्वतः गोदामापाशी गेले आणि त्यांनी साखळी धरून मोजायला लावलं. शेवटी ठरलं ते असं: गोदाम थोडं मागं सरकवायचं, दालन राहू द्यायचं, मात्र उरलेल्या रुंदीसाठी कमानींचा ओटा जाणार. माझी बदली जुन्या कागदपत्रांच्या खोलीत झाली. तिथं मी पुढची कित्येक वर्षं धूळ झाडली. त्याचं वाईट वाटलं नाही असं म्हणणं खोटं होईल. पण तो कागद परत लिहायचा झाला तर मी तसाच लिहीन.

ओटा उतरवायला लागले तो रविवार होता. बाईनं गवंड्यांना घाव घालू दिला नाही. एकेक दगड काढून, त्यावर कोळशानं आकडा टाकून तो मागच्या अंगणात रचायला लावला. तिला त्याच कमानी मागच्या बाजूला उभ्या करायच्या होत्या. मीही बाह्या सारून हात लावला. दुपारी साहेबांचा टांगा तिथं येऊन थांबला. त्यांनी टांग्यातूनच विचारलं,

"इथं काय करताय?"

"दगड उचलतोय, साहेब," मी म्हणालो, आणि हातातला दगड घेऊन आत गेलो.