आत्तीला दिसणारं रंगीत कडं

आमच्या आत्तीला देव दिसायचा. डॉक्टरांनी तो लेझरनं बंद केला.

आज सकाळी आत्ती गेली.

आत्ती म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. नवऱ्यानं सोडलेली, मूलबाळ नाही, सगळं आयुष्य भावाच्या घरी. म्हशींची शेणघाण ती काढणार आणि लग्नात फोटोच्या वेळी तिलाच कुणी हाक मारणार नाही. आमच्याच घरातली गोष्ट आहे, खोटं कशाला बोलू.

अठ्ठ्याण्णव साल असेल. मी शिरोली एमआयडीसीत नोकरीला होतो. दर पौर्णिमेला तिला स्कूटरवर नृसिंहवाडीला दत्तपादुकांच्या दर्शनाला न्यायची ड्युटी माझी.

एकदा संध्याकाळच्या पालखीत ती एकदम थांबली. म्हणाली, "परत्येक दिव्याभवती रंगाचं कडं हाय. आत निळं, भाईर तांबडं."

शेजारच्या बायकांनी हात जोडले. एकीनं तर तिचे पायच धरले.

पुढच्या पौर्णिमेला पुन्हा कडं. मग बायका तिची वाट बघायला लागल्या. घरी लोक येऊ लागले, पोरीचं लग्न कधी जमेल विचारायला. आई तिला चहा नेहमी शेवटी द्यायची, ती आता पहिला कप आत्तीपुढं ठेवायला लागली.

आत्तीची चालच बदलली. मला फार बरं वाटायचं ते बघून.

कडं दिसलं की तिची भुवई ठणकायची. देवाचं तेज सोसत नाही, असं ती म्हणायची. आम्हीही माना डोलवायचो. घरात ग्रॅज्युएट माणसं होती, तरी.

मग एका पौर्णिमेला प्रकरण हाताबाहेर गेलं. डोळा लालभडक, उलट्या, डोकं धरून देवळाबाहेर खालीच बसली. मिळेल ती जीप करून कोल्हापूरला शाहूपुरीतल्या डोळ्याच्या डॉक्टरांकडे आणली.

त्यांनी आधी औषधांनी डोळ्यातलं प्रेशर उतरवलं. मग विचारलं, दिव्याभोवती रंग दिसतात का?

आत्ती एवढ्या दुखण्यातही खूश. डॉक्टर पण देवमाणूस निघाले म्हणाली.

डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, हा काचबिंदू आहे. तुमच्या डोळ्यातलं पाणी बाहेर जायची वाट अरुंद आहे. अंधारात बाहुली मोठी होते आणि मोरी तुंबावी तशी ती वाट तुंबते. प्रेशर वाढतं, डोळ्याची काच सुजते, म्हणून दिव्याला कडी दिसतात. असंच चाललं तर नजर जाईल, आणि गेलेली परत येत नाही.

उपाय सोपा होता. बाहुलीभोवतीच्या रंगीत पडद्याला लेझरनं बारीक भोक पाडायचं, पाण्याला दुसरी वाट मिळते. चिरफाड नाही, टाके नाहीत, त्याच दिवशी घरी.

आत्तीनं एकच विचारलं. "कडं दिसायचं ऱ्हाईल न्हवं?"

डॉक्टर म्हणाले, नाही, ते बंद होईल.

ती स्टुलावरून उठली आणि सरळ बाहेर गेली.

घरी वडील ओरडले, मी समजावलं, काही उपयोग नाही. मला बाजूला घेऊन म्हणाली, "कडं गेलं तर मला कोण इचारणार रं?"

तिचं बरोबरच होतं.

शेवटी आईनं विषय संपवला. या दोघींचं कधीच पटलं नाही. आई म्हणाली, "वन्सं, डोळं गेलं तर पादुका बी दिसायच्या न्हाईत. मग वाडीला जाऊन काय बघनार?"

तिसऱ्या दिवशी आत्ती लुगडं बदलून तयार.

लेझर दोन्ही डोळ्यांना केलं. मशीनवर हनुवटी टेकवून बसली होती, माझा हात घट्ट धरून. बाहेर आल्यावर म्हणाली, मुंगी चावल्यागत झालं, एवढंच.

पुढची पौर्णिमा. पालखी निघाली, दिवे लागले. आत्ती बघत राहिली. नुसते दिवे.

बायका गोळा झाल्याच. त्यात जयसिंगपूरच्या इंदूबाई होत्या. त्या पुढं येऊन पाया पडल्या. म्हणाल्या, आत्ती, तुमच्या पुण्याईनं मलाही कडं दिसायला लागलंय. डोकं दुखतं, पण सोसते.

आत्ती गप्प बसली असती तरी चाललं असतं. कुणाला काही कळणार नव्हतं.

ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलली. "त्यो देव न्हवं इंदू, डोळ्याचा रोग हाय. मला बी त्योच व्हता. सोमवारी कोल्हापूरला ये, मी नेतो तुला डाक्टरकडं."

बायका हळूहळू पांगल्या. येताना आत्ती स्कूटरवर मागं बसून रडत होती. मी वाटेत कुठं थांबलो नाही.

सोमवारी इंदूबाई आल्या. तोच आजार निघाला. त्यांचंही लेझर झालं. एवढंच.

घरी लोक यायचे बंद झाले. म्हशी होत्याच.

आज न्यायच्या आधी इंदूबाई आल्या. आता चांगल्याच म्हाताऱ्या झाल्यात. एसटीनं, एकट्या, घर शोधत आल्या. आत्तीच्या चेहऱ्याकडे बराच वेळ बघत उभ्या राहिल्या.

मग मला म्हणाल्या, "शेवटचं तोंड नीट दिसलं बगा."

आत्ती, सुखानं जा. आम्हा सगळ्यांचा नमस्कार.