मावशींची मसूर

माझं अक्षर वाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ चुकतात. कोणी वाचलंच तर माफ करावं.

आमच्या टाकवे गावात शेजारच्या वावरातल्या मावशी भात निघालं की माझ्यासारख्याच मसूर पेरतात. यंदा त्यांच्या मसुरीवर अमरवेल आली. ही पिवळ्या दोऱ्यासारखी वेल पिकाला विळखा घालून त्याचाच रस पिते. झाडासकट उपटून जाळली तरच जाते. मावशी मात्र पोरीच्या केसांतला गुंता सोडवावा तसे ते दोरे सोडवून बांधावर टाकायच्या. "हिरवं झाड उपटवत न्हाई गं," म्हणायच्या. मला बोलायचा धीर होत नसे.

मग वेल बांध ओलांडून माझ्या मसुरीवर चढली. मावशी धावत आल्या आणि माझी झाडं भराभरा उपटू लागल्या. "बघत काय बसलीस? दया केलीस तर समदं रान खाईल!"

मी कसंबसं विचारलं, "मावशी, मग तुमची बी उपटू का?"

"माझी? माझी अजून हिरवी हायती की!"

माझी झाडं जाळून त्या पुन्हा आपला गुंता सोडवायला गेल्या. वेलीला चढायला काही उरू नये म्हणून मी बांधालगतची माझी चांगली मसूरही उपटायला घेतली.

मावशी तिकडून ओरडल्या, "अगं, हिरवी उपटतीस? तुला काळीज हाय का न्हाई?"