बाजेवरची गोधडी, ओट्यावरचे उकंडराव

गोजराबाईला दोन नवरे होते असं आसेगावात कोणी म्हणालंच, तर त्याला माझ्याकडे पाठवा. नवरा एकच होता. दुसरी गोधडी होती. आता लोकच गोधडीला नवरा मानायला लागले, त्यात त्या बिचारीचा काय दोष? दोष सगळा आमच्या घरच्यांचा, पुंजाजींचा. म्हातारपणी नवऱ्याचं नाव घेतलं म्हणून मला आता कोणी वाळीत टाकत नाही, आणि टाकलं तरी माझं काही अडत नाही.

गोजराबाई आणि उकंडरावांचं घर तळ्याच्या अगदी काठावर, आमचं त्याला लागून. मधली भिंत एकच. तळ्याच्या पाण्यावर वांगी, मेथी, सांबार म्हणजे तुमची कोथिंबीर, असं पिकवायचं आणि बाजाराच्या दिवशी मंगरुळाला नेऊन विकायचं, दोन्ही घरांचं असंच चालायचं. हिवाळ्यात तळ्यावरून असा गारठा यायचा की सकाळी भाकर थापताना बोटं आपली आहेत की दुसऱ्याची ते कळत नसे. दुसऱ्या लढाईच्या आधीची गोष्ट. अशाच एका हिवाळ्यात उकंडराव कारंज्याला मीठ आणायला गेले आणि आलेच नाहीत. मेले म्हणावं तर तेही नाही. कोणी ना कोणी येऊन सांगायचं, "मूर्तिजापूरच्या गाडीत दिसले होते, मजेत होते." मजेत! इकडे बायको एकटी वाफे भिजवून राहिली आणि हा बाप्या मजेत!

घरात त्यांची माय रामीबाई. तिला डोळ्यांनी दिसत नव्हतं. दारात कुत्रं आलं तरी विचारायची, "उकंड्या आला का वं?" थंडीनं म्हातारी खंगत गेली, तसं तिचं विचारणंही वाढलं. मग एक दिवस गोजराबाईनं नवऱ्याची पेटी उघडली. त्यातली धोतरं, बंडी, फेटा, जे होतं नव्हतं ते सगळं बाहेर काढलं आणि मला हाक मारली, "प्रयागबाई, सुई घेऊन या."

अंगण सारवलेलं होतंच. त्यावर जुनं लुगडं अंथरलं, वर उकंडरावांचे कपडे जमवून पसरले, वरून आणखी एक लुगडं घातलं आणि चारी कोपऱ्यांवर दगड ठेवले. दोघी समोरासमोर बसून काठापासून आत आत टाके घालत गेलो. बंडीचा खिसा हाताला जाड लागला. पाहिलं तर आत तंबाखूचा चुरा. मी झटकायला गेले, तर गोजराबाई म्हणाली, "राहू द्या, त्याईचाच वास हाये तो."

गोधडी म्हातारीच्या अंगावर घातली. तिनं चाचपली, नाकाला लावली, आणि काय सांगू, आधी गोधडीलाच एक सणसणीत चापट मारली. "कुठी मेला होता रे इतके दिवस?" मग कुशीत ओढली आणि अशी रडली की आम्हा दोघींना तिथं उभं राहवेना. गोधडी आहे हे सांगायला आमची जीभ रेटली नाही. तुमची रेटली असती का? त्यानंतर म्हातारीनं उकंड्याला विचारणं बंद केलं. होळीच्या आधी ती गेली, तेव्हा तिचा हात गोधडीवर होता.

इथवर ठीक होतं. पुढच्या हिवाळ्यात गोजराबाईनं सत्यनारायण घातला. भटजी म्हणाले, जोडी पाहिजे. गोजराबाई म्हणाली, "बायको नसली तं माणूस कंबरीले सुपारी खोसून बसते ना? मंग बाईनं काय खोसाव?" भटजी विचारात पडले. शिऱ्याचा वास सुटलेला होता, म्हणून फार वेळ पडले नाहीत. म्हणाले, "यजमानांची एखादी वस्तू ठेवा शेजारी." तिनं गोधडी आणून पाटावर ठेवली. भटजींनी कोपऱ्याला गंध लावलं, अक्षता टाकल्या आणि तिला म्हणाले, "यजमानांच्या हाताला हात लावा." तिनं लावला. गावादेखत!

पुढचं आमच्या घरच्यांनी केलं. गोजराबाई सकाळी गोधडी उन्हात बाजेवर पसरायची. पुंजाजी वाफ्याकडे जाताना थट्टेनं म्हणायचे, "काय उकंडराव, ऊन खाऊन राह्यले का?" पहिला हिवाळा थट्टा, दुसरा हिवाळा सवय, तिसऱ्या हिवाळ्यात यांना कोणी म्हणालं की अहो ती गोधडी आहे, तर हेच चिडायचे. मग येणारेजाणारेही राम राम घालायला लागले. गोजराबाईला बरंच वाटायचं. संध्याकाळी ती गोधडीजवळ बसून दिवसभराचं सगळं सांगायची: बकरी कुठं गेली, बाजारात काय विकलं, कोण काय बोललं. भिंतीपलीकडून मला ऐकू यायचं. खरं सांगते, मला हेवा वाटायचा. आमच्या घरी मी बोलायला लागले की हे घोरायला लागायचे.

आणि असे बरेच हिवाळे गेल्यावर एक दिवस उन्हं उतरताना उकंडराव आले. हात हलवत. मिठाचा खडादेखील नाही!

आमच्या दारात पुंजाजी शेकोटीपाशी बसले होते. उकंडराव म्हणाले, "पुंजाजी, ओयखलं का? मी उकंडराव."

हे म्हणाले, "कायले खोटं बोलता? उकंडराव आत्ताच आत गेले, ऊन उतरलं ना."

देवा रे! मी यांच्या हातातली चिलीम काढून घेतली. तोवर गोजराबाई दारात आली. नवऱ्याकडे पाहिलं, पदर सावरला आणि म्हणाली, "बसा पाहुणे. पाणी आणतो."

पाहुणेच केलं तिनं त्यांना. गरम भाकर, वांग्याचं भरीत, तुरीच्या उकडलेल्या शेंगा, कशात कमी नाही. पण निजायची वेळ आली की ओट्यावर पोत्याचं अंथरूण. आत बाजेवर गोधडी. उकंडराव ओट्यावर कुडकुडायचे आणि आतून बायकोचं सांगणं ऐकायचे. एकदा ती गोधडीला म्हणत होती, "वांग्याले कीड लागली, काय कराव काई समजत नाई." उकंडराव बाहेरून ओरडले, "राख टाक ना!" आतून उत्तर आलं, "पाहुणे, तुमाले कोनं विचारलं?"

मग उकंडरावांनी पंच बसवले. उत्तमराव पाटील न्यायाला बसले की आधी हुरडा भाजायला लावायचे, तो संपेपर्यंत न्याय चालायचा. पाटील म्हणाले, दोन्ही बाजू समोर पाहिजेत. चौघांनी गोधडी बाजेसकट उचलून आणली. उकंडरावांना बसायला जागा उरली नाही, ते खाली मातीत बसले.

"इतके दिवस कुठी होते?" पाटलांनी विचारलं.

"मन रमलं, पाटील."

"आन् तुमचं काय म्हननं हाये?" पाटील गोधडीकडे वळले. थोडा वेळ वाट पाहिली. मग मान हलवून म्हणाले, "पाहा, उलटून बोलत नाई." सगळ्यांच्या माना हलल्या.

उकंडराव उसळले. "पाटील, माह्या घरात माह्याच जागेवर फडकं! थे काय नवरा हाये?"

तिथं माझं डोकं फिरलं. बायकांनी पंचांत बोलायचं नसतं, पण मी डोक्यावरचा पदर ओढला आणि बोलले. "नवरा असो नसो, मायचा लेक तं हायेच. तुमची माय तुमचं नाव घेऊ घेऊ झिजली. शेवटी ह्याच फडक्याले उकंड्या समजून, त्याच्यावर हात ठेवून गेली. थंडीत. तवा तुमचं मन कुठी रमलं होतं?"

माय गेल्याचं उकंडरावांना ठाऊक होतं, पण कशी गेली ते कोणी सांगितलं नव्हतं. त्यांनी गोधडीकडे असं पाहिलं, जसं सख्ख्या भावानं सगळी इस्टेट घेतल्यावर माणूस पाहतो. पाटलांनी हुरड्याचा शेवटचा घास तोंडात टाकला आणि निकाल दिला: होळीपर्यंत गोधडी बाजेवर, उकंडराव ओट्यावर. पुढं थंडी सरली की पाहू.

होळी कुठली व्हायला! दुसऱ्या दिवशी सकाळी गोजराबाई मेथी खुडायला गेली आणि उकंडरावांनी गोधडी बगलेत मारून तळं गाठलं. पाण्यात फेकली. ती काही बुडेना. थाटात तरंगत राहिली. उकंडराव आत शिरले आणि तिला दोन्ही हातांनी दाबायला लागले. ती एका बाजूनं दबली की दुसऱ्या बाजूनं वर. काठावर गाव जमलं. पण कपडाच तो, किती वेळ तरंगणार? पाणी प्यायली, जड झाली आणि खोलात जायला लागली. एक कोपरा उकंडरावांच्या मुठीत. तिच्याबरोबर तेही निघाले. पाणी छातीला, मग गळ्याला, मग हनुवटीला.

"सोडा! सोडा थे!" सगळं गाव ओरडत होतं. आमचे हे ओरडत होते, "उकंडराव, दम धरा!" ते कोणाला ओरडत होते हे मी आजवर विचारलं नाही.

सोडलं असतं तर माणूस दोन पावलांत काठाला लागला असता. बुडवायलाच तर नेली होती! पण त्यांनी मूठ उघडली नाही. तेवढ्यात गोजराबाई मेथी टाकून धावत आली, लुगड्याचा काचा मारून थेट पाण्यात. गोधडीचा दुसरा कोपरा हाताला लागला तो तिनं धरला आणि ओढला. अशी ओढली की गोधडी आणि नवरा, दोघेही एकदमच गाळातून बाहेर आले.

गावाला महिनाभर पुरेल असं बोलायला मिळालं. अर्धे म्हणत तिनं नवऱ्याला वाचवलं, अर्धे म्हणत गोधडीला.

मी पुंजाजींचं कोरडं धोतर घेऊन गेले, कारण उकंडरावांचे सगळे कपडे गोधडीत, आणि ते ओले. ते चुलीपाशी थरथरत बसले होते. गोजराबाई लाकडं सारत होती. त्यांनी विचारलं, "खरं सांग. तू कोणाले ओढलं, मले का तिले?"

गोजराबाईनं वर पाहिलं नाही. "तुमी सोडली असती तं समजलं असतं," ती म्हणाली. "मले बी."

मग तिनं विचारलं, "सोडली काहून नाई?"

"मायचा हात होता ना वं तिच्यावर," उकंडराव म्हणाले, आणि तो एवढा दांडगा माणूस तोंड झाकून रडायला लागला.

तिनं त्यांना रडू दिलं. मग गरम भाकर त्यांच्या पुढ्यात ठेवली, त्यांच्याकडे तोंड करून बसली आणि त्यांची माय कशी गेली ते पहिल्यापासून सांगायला लागली. मी उठले आणि जाताना दार ओढून घेतलं.