उखळातलं इंजिन

चंद्राबाईची काठवट सोमवारी गेली आणि बुधवारी परत आली. आली ती थेट आपल्या जागेवर, गुणी लेकरासारखी भिंतीला टेकून. पण पहिली भाकरी थापली आणि चंद्राबाईच्या नाकपुड्या फुलल्या. बाजरीच्या पिठाला ग्रीसचा वास येत नसतो. तिनं चकार शब्द न काढता तीच भाकरी नवऱ्याच्या ताटात टाकली. कुशाबानं ती खाल्ली, वर बोटं चाटत म्हणाला, "आज भाकर लई खमंग झालीया."

बस्स. चोर सापडला. आता मुद्देमाल तेवढा शोधायचा राहिला.

काठवटीआधी घरातला पाट गेला होता, त्याआधी बंबाखालच्या दोन विटा. आणि सात नंबरच्या खोलीला, जिचा भाडेकरू महिन्यापूर्वीच गेला होता, कुशाबानं स्वतः कुलूप लावलं होतं. "चुना दिलाय, वाळूंदे," असं तो म्हणायचा. चंद्राबाई लग्न होऊन घोटावड्याहून माणला आली त्याला पंचेचाळीस वर्षं झाली. तेवढ्या काळात कुशाबानं चुन्याला हात लावला होता तो फक्त तंबाखू मळायला.

दुपारी तो जेवून आडवा झाला, तशी तिनं त्याच्या सदऱ्यातली किल्ली काढली आणि सात नंबर उघडला. आत जमिनीवर पोतं अंथरलेलं, पोत्यावर विटा, विटांवर पाट, आणि त्यावर एका अंगावर कलंडलेलं, तेलकट, काळं धूड. बुलेटचं इंजिन.

हे इंजिन ती चांगलं ओळखत होती. वीस वर्षं रोज पहाटे कुशाबा त्या बुलेटला दुधाचे कॅन लटकावून कोथरूडला रतिबाला जायचा. म्हशी तिच्या, धारा तिच्या, गाडी त्याची. मग गावात कंपन्या आल्या, बऱ्याच जणांचं उखळ पांढरं झालं. म्हशींच्या गोठ्याच्या जागी कुशाबानं नऊ खोल्या बांधल्या. दूध बंद, गाडी पत्र्याच्या शेडमध्ये. इंजिन गंजून जाम झालं त्याला आठ वर्षं होऊन गेली.

ते पुन्हा चालू करायची हौस कुशाबाला आत्ताच का आली, तेही तिला ठाऊक होतं. मुलगा किशोर भूगावला फ्लॅटमध्ये राहायचा. तिथल्या अमोघ नावाच्या एका हॉटेलवाल्याला त्यानं बुलेट कबूल केली होती. ती चालवायला नव्हे. हॉटेलच्या भिंतीवर टांगायला, हँडलला कुंड्या लावून. हे ऐकल्यापासून कुशाबाचं तोंड आंबलं होतं.

पण मोठी अडचण वेगळीच होती. श्रावणात कुशाबाचं हर्नियाचं ऑपरेशन झालं होतं. डॉक्टरांनी तीन महिने वजन उचलायला बंदी केली होती आणि त्या बंदीवर किशोरनं पहारेकरी नेमला होता तो चंद्राबाईलाच. रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल यायचा. "आये, दादा काही उचलत नाहीत ना?"

ती विचार करत उभी असतानाच दारात सावली पडली. कुशाबा.

"मी उचलल्यालं न्हाई," तो घाईघाईनं म्हणाला. "ट्रॅक्टरच्या जॅकवर पेललं, पोत्यावर उतरवलं आन् पोतं वढत आनलं. पाटावरबी जॅकनंच घेतलं. वढनं म्हंजी उचलनं न्हवं."

"व्हय का? मग काठवट काय वढायला नेलीवती?"

"त्यात बसतंय का बगत हुतो. खालनं गोल हाय त्ये. कशावरच थारा धरत न्हाई." आणि एकदाचं सांगायला माणूस मिळालं म्हणून तो धडाधडा बोलायला लागला. मोठा नट हलेना. पान्याला जोर लावला की नटाऐवजी अख्खं इंजिनच गरकन फिरायचं. काठवटीत ठेवलं तर काठवटीसकट फिरायचं. शेवटी भुईवर बसून त्यानं ते दोन्ही पायांच्या कवेत धरलं होतं.

"दाखवा बरं कसं."

त्यानं बसून दाखवलं. साडेसहासष्ट वर्षांचा माणूस, धोतर मांडीपर्यंत, इंजिनाला पायांनी मिठी मारून पाना ओढतोय. इंजिन डुललं, कुशाबा डुलला, आणि दोघंही एकदमच भिंतीवर जाऊन आदळले.

चंद्राबाई पोट धरून हसली. हसता हसता तिची नजर मात्र इंजिनाच्या बुडावर खिळली होती. गोल बूड, वर जड, धक्का लागला की कलंडणारं. असली वस्तू तिला नवी नव्हती. नळ येण्याआधी वीस वर्षं तिनं विहिरीवरून पाणी आणलं होतं, डोक्यावर हंडा, हंड्यावर कळशी, आणि बांधावरून चालताना थेंब सांडला नव्हता. गोल बुडाला पाट चालत नाही, विटाही चालत नाहीत. त्याला चुंबळ लागते.

"परसात चला," ती म्हणाली.

परसात, कोंबड्यांच्या खुराड्यामागं, सासूच्या काळातलं दगडी उखळ पडलं होतं. हलवायला तीन गडी लागावेत असं. मसाला आता गिरणीतून दळून यायचा, त्यामुळं उखळात पावसाचं पाणी आणि पाला. तिनं ते खरडून काढलं. जुनं नऊवारी लुगडं काढून पिळा दिला, मनगटाएवढी जाड चुंबळ वळली आणि उखळाच्या तोंडावर बसवली.

"ह्येच्यात बसवा. हललं तर मला सांगा."

कुशाबा डोळे बारीक करून बघत राहिला. मग म्हणाला, "बसल. पर हितपातूर आनायचं कुनी? मला तर..."

"तुमाला उचलायचं न्हाई. मला कुनी न्हाई म्हनलंय?"

चाळीस-पंचेचाळीस किलोंचं ओझं एकटीनं आणायला मात्र चंद्राबाईही वेडी नव्हती. तिनं लिलाबाईला बोलावलं. लिलाबाई घोटावड्याच्या खिंडीपलीकडच्या डोंगरवस्तीवरची. पंचवीस वर्षं ती भाताच्या कामाला माणमध्ये उतरायची, आणि पहिल्या वर्षापासूनच दोघींचं मेतकूट जमलेलं. चंद्राबाईची शेती आता उरलेल्या एका खाचरापुरती होती, तरी लिलाबाई कापणीला यायचीच. कापणी कमी आणि गप्पा जास्त.

लिलाबाईनं इंजिनाभोवती एक फेरी मारली. "ह्याचं डोकं कुटलं आन् बूड कुटलं?" तिनं विचारलं. ते कळल्यावर तिनं कासरा घेतला आणि सरपणाची मोळी बांधावी तसा दोन वेढ्यांत असा आवळला, की कुशाबानं हलवून पाहिलं तर गाठ तसूभरही सरकली नाही. कासऱ्यातून बांबू घातला, दोघींनी दोन टोकं खांद्यावर घेतली, आणि इंजिन झुलत निघालं. पुढं लिलाबाई, मागं चंद्राबाई, बाजूनं रिकाम्या हातांचा कुशाबा, "हळू, हळू" म्हणत.

"नवरदेवाची वरात हाय जनू," लिलाबाई म्हणाली.

"नवरा काळा हाय, पर वजनदार हाय," चंद्राबाईनं जोडून दिलं.

चुंबळीत इंजिन असं बसलं, की कुशाबानं पान्याला लोंबकळून जोर दिला तरी हललं नाही. नट मात्र कर्रकन सुटला. कुशाबानं बायकोकडं पाहिलं. मग सुटलेला नट तिच्या तळहातावर ठेवला.

त्या दिवसापासून चंद्राबाईला जणू पुन्हा पालवी फुटली. गेली काही वर्षं दिवस कसा काढायचा हाच तिचा प्रश्न होता. भाडेकरूंना पाणी सोडायचं, मीटरची खोली झाडायची, की संपलं. आता ती सकाळी रॉकेलमध्ये नट-बोल्ट धुवायची आणि निघाले त्या क्रमानं सुपात मांडायची. सिलिंडर घासून आणायला पिरंगुटच्या लेथवाल्याकडं जायचं होतं. तो तिनंच पिशवीत घातला, वर मेथीची जुडी ठेवली आणि एसटीत मांडीवर घेऊन बसली. शेजारची बाई म्हणाली, "मेथी लई जड दिसतीया." चंद्राबाई म्हणाली, "काळ्या रानातली हाय."

आणि रोज संध्याकाळी किशोरला ती अगदी खरं सांगायची. "न्हाई रं, तुजा बा काय उचलत न्हाई. जे उचलायचं त्ये मी उचलतीया."

"गुणाची आहेस आये."

"हाय खरी."

तेराव्या दिवशी मात्र किशोर न सांगता अमोघला घेऊनच आला. गाडीचं दार वाजलं तसं चंद्राबाईनं कोंबड्या झाकायचं डालं उचललं आणि उखळावरच्या इंजिनावर पालथं घातलं. कुशाबानं तेलकट हात धोतराला पुसले, म्हणजे धोतरही गेलं.

दोघं तडक परसात आले. अमोघनं डाल्याकडं बोट केलं. "वॉव, किती ऑथेंटिक! ह्याच्याखाली काय असतं?"

"खुडूक कोंबडी," चंद्राबाई म्हणाली. "अंड्यावर बसलीया. डालं हलिवलं तर उठंल आन् डोळं फोडंल."

अमोघ दोन पावलं मागं सरकला. तेवढ्यात डाल्याखालून थेंब थेंब काळं तेल उखळावरून ओघळायला लागलं. किशोरनं ते पाहिलं. आईकडं पाहिलं. चंद्राबाई उखळापुढं पदर पसरून खाली बसली आणि लसूण निवडावा तशी भुईवरचा पाला निवडू लागली.

किशोर शेडकडं वळला. तिथं बुलेटचा सांगाडा उभा होता, पोटातून रिकामा. "दादा, इंजिन कुठंय?"

कुशाबा पुन्हा धोतराला हात पुसू लागला. चंद्राबाई धावली. "भितीला टांगायची हाय न्हवं गाडी? मग वजन कमी नगं? म्हनून काडून ठेवलं. उगा कुनाच्या ताटात पडायची."

अमोघ खूश झाला. "काकू, ग्रेट! आम्हाला फक्त बॉडीच हवी आहे. मग रविवारी टेम्पो पाठवतो."

ते गेले आणि कुशाबा मटकन पायरीवर बसला. "लई शानी तू. आता इंजिन कशात बसवू, उखळात?"

चंद्राबाईनं जीभ चावली. आपल्याच जिभेनं आपलं गाडं अडवलं होतं. रविवारला चारच दिवस उरले होते. रात्री तिला नीट जेवण गेलं नाही. सकाळी उठून तिनं लिलाबाईला निरोप धाडला: खाचराचं राहू दे, नवरदेवाचं बघायला ये.

चार दिवस तिघं त्या उखळाभोवती होती. पिस्टन बसला, रिंगा बसल्या, सिलिंडर चढला, वरचं डोकं आवळलं. शनिवारी दुपारी पुन्हा कासरा, पुन्हा बांबू. पण सांगाड्यात इंजिन बसवणं हे उखळात ठेवण्याइतकं सोपं नव्हतं. खालून टेकू हवा, आणि तोही नेमका, नाहीतर बोल्टाचं भोक भोकासमोर येत नाही. विटांवर ठेवलं तर खाली राहायचं, पाचर मारली तर एकदम वर जायचं.

"सूतभर वर पायजे," कुशाबा पालथा पडून म्हणाला. "निस्तं सूतभर."

चंद्राबाईनं विटांवर चुंबळ ठेवली, तिचं सुटं टोक हातात घेतलं आणि एक पिळा वाढवला. चुंबळ फुगली. इंजिन केसाएवढं वर आलं.

"आनी."

आणखी अर्धा पिळा. लिलाबाई बांबू खांद्यावर तोलून, ओठ दातांत धरून उभी. "चंद्रे, माजा खांदा गेला बग."

"थांब गं, आलं."

बोल्ट सळकन आत गेला. मग दुसरा. तिसऱ्याला कुशाबा एवढा ओरडला की वरच्या मजल्यावरचे भाडेकरू गॅलरीत आले.

रविवारी टेम्पो आला तेव्हा बुलेट अंगणात उभी होती, धुतलेली, पोटभर. किशोरनं इंजिनाकडं पाहिलं, बापाच्या पोटाकडं पाहिलं, आणि त्याचा आवाज चढला. "दादा! टाके उसवले असते म्हणजे? आये, तू रोज मला काय सांगत होतीस?"

"खरं सांगत हुती. त्येनी बोटसुदीक लावलं न्हाई वजनाला. ही लिली आन् मी हुतो."

"पण ही चालू होणार आहे का? आठ वर्षं..." किशोरनं तणतणत स्वतःच किक मारली. बुलेटनं उलटा झटका दिला आणि तो पोटरी धरून एका पायावर नाचायला लागला. कुशाबा पुढं झाला, तर मायलेक दोघंही एकाच वेळी ओरडले, "तुमी न्हाई!"

मग उरलं कोण? चंद्राबाईनं पदर खोचला, कासोटा आवळला. तिनं उभ्या आयुष्यात गाडी चालवली नव्हती. पण वीस वर्षं रोज पहाटे धारा काढताना तिनं हे पाहिलं होतं. हँडलवरची बारकी कळ दाबायची, किक हळूच खाली न्यायची, दिव्यापाशी असलेल्या मीटरातला काटा मध्यावर आला की कळ सोडायची. ती गाडीच्या उजव्या बाजूला उभी राहिली. पहिली लाथ वाया गेली. दुसरीला एक ढेकर निघाला. तिसरीला तिनं सगळं अंग पायात आणलं.

धग. धग. धग-धग-धग.

खुराड्यातल्या कोंबड्या छपरावर गेल्या. कुशाबा सीटवर हात ठेवून उभा राहिला आणि रस्त्याकडं तोंड करून उगाचच खोकला. चंद्राबाईनं खोचलेला पदर सोडून कपाळ पुसलं.

अमोघनं गाडीभोवती एक फेरी मारली. शेवटी म्हणाला, "काकू, आता ही टांगायची कशी?"

"आता न्हाई टांगायची," किशोर बोलला. आपणच बोललो याचं त्यालाही नवल वाटलं असावं. मग त्यानं अमोघला बाजूला नेलं, काहीतरी समजावलं. टेम्पो रिकामाच वळला.

आता प्रश्न गाडी पहिली कुणी न्यायची हा होता. कुशाबाला अजून महिनाभर बंदी. चंद्राबाईनंच निकाल दिला.

"किश्या, ह्या लिलीला वस्तीवर सोडून ये. तिचा खांदा सुजलाय, आज तिनं चालायचं न्हाई."

"मी? ह्याच्यावर?" लिलाबाई मागं सरली. "मी न्हाई बसायची. माज्या बाच्या बानं घोडं बगितलं न्हाई."

"बस गं. इंजिन तुजं हाय निम्मं."

लिलाबाई एका अंगाला बसली, किशोरचा शर्ट मागून मुठीत धरला आणि डोळे गच्च मिटले. किशोरनं गिअर टाकला. बुलेट फाटकाबाहेर पडली. कोपऱ्यावर वळल्यावर लिलाबाईचा आवाज आला, भीतीचा नव्हे. "जरा जोरात घे की रं!"