मामाच्या खुर्चीत मामी

माझ्या मामाने अख्ख्या गल्लीच्या डोक्यांवरून हात फिरवला आहे. शाळेचे हेडमास्तर, औषधांचा दुकानदार, शेजारचे तीन पिढ्यांचे वकील, सगळे त्याच्या खुर्चीत मान खाली घालून बसलेले आहेत. एकच डोकं त्याच्या हाताला कधी लागलं नाही, ते मामीचं. तिची वेणी कमरेच्या खाली जायची. घर दुकानाच्या मागेच, मध्ये एक दार. त्या दारातून ती चहा ठेवून परत फिरली की मामाची नजर गिऱ्हाइकावरून सुटून तिच्या पाठीकडे जायची. "एकदा बस ना, टोकं सारखी करून देतो," असं तो लग्न झाल्यापासून म्हणत आला. "दिवसभर गिऱ्हाइकं पुरत नाहीत का तुम्हाला?" असं ती म्हणायची आणि विषय तिथेच मिटायचा.

मग मामीच्या छातीत गाठ निघाली. ऑपरेशन झालं, केमो सुरू झाली आणि हॉस्पिटलच्या खेपांसाठी मी त्यांच्याकडे राहायला गेले. केस जाणार, हे डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं होतं. मामा म्हणाला, आधीच बारीक करून घेऊ, म्हणजे जाताना एवढं लागणार नाही. त्याचं बरोबर होतं. पण मामीने साफ नकार दिला. "जायचं तर त्यांचे ते जातील. मी हाकलणार नाही."

गेलेच. दुसरी केमो व्हायच्या आत. उशीवर केस, कंगव्यात केस, मोरीची जाळी तुंबलेली. मी तारेने ती जाळी साफ करत होते आणि मला इतका संताप आला होता की विचारू नका. कोणावर, ते अजून कळलेलं नाही. त्या दिवशी मामीने डोक्याला रुमाल बांधला तो बांधलाच. झोपतानासुद्धा. तेल लावायला मला बोलवायची, पण दाराला कडी घालून. दिवसभर लोकांची डोकी बघणारा माणूस, आणि स्वतःच्या बायकोचं डोकं त्याला बघायची बंदी.

एका ओळखीच्या माणसाकडून त्याने विग आणला, लांब केसांचा, भारीतला. मामीने खोक्याचं झाकण उचललं आणि म्हणाली, "ही कोण बाई आणलीत घरात?" आम्ही तिघंही हसलो. मामाचं हसू लवकर आटपलं.

एकदा दुकान झाडताना तो मला म्हणाला, "तिला सांग, मला फक्त बघू दे. टक्कल काय मला नवीन आहे? रोज चार बघतो." म्हणता म्हणता तो झाडलेलीच जागा पुन्हा झाडत होता. मी निरोप पोचवला. मामी म्हणाली, "त्यांना माझी वेणी आठवू दे गं. हे एकदा बघितलं की हेच डोळ्यांसमोर राहील. मलाच तर ती सारखी आठवते." आणि पलंगावर आडवं होताना वेणी पुढे ओढून घ्यायला तिचा हात मानेमागे गेला आणि तसाच परत आला.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी शटर अर्धं खाली होतं. मी टॉवेलच्या घड्या घालत होते, मामा कात्र्या पुसत होता. मधलं दार उघडून मामी आली आणि सरळ खुर्चीत बसली. रुमाल सोडून तिने मांडीवर ठेवला. डोक्यावर कुठे कुठे विरळ बटा उरल्या होत्या.

"हे राहिलेत ते टोचतात," ती म्हणाली. "काढून टाका. तुमची फार इच्छा होती ना."

मामा आरशात बघतच राहिला. मग हात आपोआप कामाला लागले. त्याने कापड झटकलं, तिच्या गळ्याभोवती बांधलं, पायाने दांडा दाबून खुर्ची वर घेतली, कात्री-कंगवा उचलला आणि तीस वर्षांच्या सवयीने विचारलं, "कसे कापायचे?"

विचारलं आणि जीभ चावली. मी हातातली घडी तशीच धरून उभी. वाटलं, आता ही उठून जाणार.

मामी आरशातून त्याच्याकडे बघत होती. "लांबी ठेवा," ती म्हणाली. "खालची दोन बोटं घ्या फक्त."

मामा खुर्चीच्या मागे गेला, वाकला, आणि वेणीचं टोक जिथे यायचं, बरोबर तिथे हवेत दोन बोटं धरून त्याने कात्री चालवली. सावकाश, एका रेषेत. जागा शोधावी लागली नाही त्याला. मामी मान ताठ ठेवून बसली होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. माझ्याही.

मग त्याने मशीन लावलं. दोन मिनिटांचं काम, पण त्याला पंधरा लागली. तळहात डोक्यावरून फिरवून फिरवून तो कुठे काही राहिलं का बघत होता. काहीच राहिलं नव्हतं.

"केस होते तेव्हाच बसायला हवं होतं मी," मामी म्हणाली.

मामाने ब्रशने तिची मान झटकली, पावडर लावली.

"झालं ना? खाली घ्या मला."

"बस थोडा वेळ," मामा म्हणाला. "तुझ्यामागे नंबर नाही कोणाचा."