काकूंची कढई

गोवऱ्यांच्या धुराचा वास आला की कुंडमचं जंगल आठवतं. दर हिवाळ्यात जबलपूरची आम्ही पाच-सहा मराठी घरं तिथं तंबू ठोकायचो, रोडगे भाजायचो. निघताना निरोपाचं कुणी बोलत नसे. जो तो दुसऱ्याचं एखादं भांडं मुद्दाम घरी न्यायचा, म्हणजे पुढच्या वर्षी परत द्यायला यावंच लागे. एका वर्षी चेरीतालच्या काकूंनी त्यांच्या वाट्याला आलेला आमचा गंज, म्हणजे पातेलं, घासूनपुसून आईच्या हातात ठेवला. “काहून, नेत नाही का?” आईनं विचारलं. “राहू दे या वेळी,” काकू हसल्या. मला वाटलं, रुसल्या. त्यांची कढई मात्र त्यांनी आमच्या पिशवीत राहू दिली. पुढच्या हिवाळ्यात आम्ही ती घेऊन गेलो, तेव्हा काकू या जगात नव्हत्या. अजूनही थंडी पडली की मी ती कढई घासून पिशवीत भरते.