गुंडावरचं नाव

आसेगावहून निघालो तेव्हा मांडीवर गुंड (पाण्याचं पितळी भांडं) होता. बायको सुमन जाऊन वर्ष होत आलं. आमच्यात बाई गेली की वर्षाच्या आत तिच्या नावाचं भांडं देवळात देतात. हा गुंड तिनं माहेरून आणलेला. गळ्याशी जुन्या वळणाची चार-पाच अक्षरं ठोकलेली. "मायनं माहं नाव टाकलं हाय," असं ती पन्नास वर्षं सांगत आली. तिला वाचता येत नव्हतं, मी दुसरीतून शाळा सोडली. भाऊबंद म्हणाले, हाच द्या. मला तो घराबाहेर काढवत नव्हता. म्हटलं, आधी कोणाकडून वाचून तरी घेऊ.

शेलूबाजारपर्यंत जीप. शेजारी बसलेली बाई म्हणाली, "बाबा, पाणी भराले वाशीमले चालले काय?"

"तुमच्या नळाले पाणी असतं तर कायले गेलो असतो?" म्हटलं. सगळी हसली, मी नाही.

पुढं बस. दोन्ही बाजूंना हरभरा सोंगून मोकळी झालेली काळी रानं. वाशीमच्या स्टँडवर आलूबोंडा खाल्ला. मिरची अशी की डोळे वाहायला लागले. मिरचीनंच का, ते मला सांगता येत नाही.

बाजारात भांड्यांवर नावं टाकणारे रशीदभाई भेटले. देवळात द्यायचंय, त्याआधी बायकोचं नाव वाचून द्या, असं त्यांना सांगितलं. गुंड फिरवून म्हणाले, "चाचा, ही मोडी (जुनी, सलग लिहायची लिपी) हाय. मले नाही येत. गुरुजीले दाखवा."

रिटायर झालेले एक गुरुजी तिथंच बाकड्यावर चहा पीत होते. त्यांनी चष्मा लावला.

"हे नाव नाही. हा पाच, पुढची उभी रेघ म्हणजे पाव, आणि हे 'शेर'. सव्वापाच शेर. भांड्याचं वजन आहे."

"नीट पाहा."

"तेच आहे, बाबा."

मग ते सुरूच झाले. इथल्या जुन्या राजांचे ताम्रपट ब्राह्मी की कायशा अक्षरांत होते म्हणे. अक्षरं बदलत गेली, पण 'पाच' हा शब्द टिकला. संस्कृतात पंच, हिंदीत पांच, गुजरातीत, बंगालीतही तोच.

"बंगाल्याचा पाच माह्या काय कामाचा, गुरुजी? माह्या बायकोचं नाव कुठं गेलं?"

रशीदभाई हळूच म्हणाले, "भांडं जुनंच घेतलं असन, चाचा. पोरीले बरं वाटावं म्हणून मायनं सांगतलं असन, तुह्या नावाचं हाय."

नाव नाही, म्हणजे देवळात द्यायची गरज नाही. मला आनंद झाला. लगेच त्या आनंदाची लाज वाटली.

"नवं स्टीलचं देऊ का, नाव टाकून? हे ठेवा घरी," रशीदभाई म्हणाले.

मी गुंड त्यांच्यापुढं ठेवला.

"नको. याच्यावरच टाका. सुमन."

"नाव टाकलं का मंग देवळात द्याच लागन, चाचा."

"मालूम हाय. टाका."

परतीच्या बसमध्ये बोट त्या नव्या अक्षरांवरून फिरत होतं. कडा अजून बोचत होत्या. नसतं टाकलं तर गुंड घरात राहिला असता. पण मग सुमन जन्मभर चुकीचं सांगत होती, असं झालं असतं. शहाणपणा केला की येडेपणा, मला अजून उमगत नाही. सोमवारी गुंड देवळात जाईल. ती खोटी पडली नाही, एवढं मात्र झालं.